यंत्र आपले, पण परवाना कोणाचा?

दुकानाचा भाडेकरार आपण तिजोरीत ठेवतो, मालाचे बिल फाइलीत लावतो आणि कारागिराचा हिशेब वहीत मांडतो. हे शहाणपण आपल्या बापजाद्यांपासून चालत आलेले आहे. पण अलीकडे धंद्यात आणखी एक गोष्ट शिरली आहे, आणि तिचा कागद फार थोड्या व्यापारी बांधवांकडे सापडेल. ती गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकांचे फोन घेणाऱ्या संगणकाचा सॉफ्टवेअर परवाना, ज्याला बाजारात सगळे ‘लायसन्स’ म्हणतात.

आम्ही एकलहरे येथे राहतो. २१० मेगावॅटच्या तीन संचांचे औष्णिक वीज केंद्र आमच्या दारात असूनही घरची वीज गेली की आम्हांलाही महावितरणच्या १९१२ या नंबरावरच तक्रार नोंदवावी लागते. नंबर एक, फोन करणारे हजारो. आलेल्या फोनची रांग लावणे आणि रिकाम्या माणसाकडे एकेक फोन देणे हे काम तेथे यंत्र करते. हीच व्यवस्था लहान प्रमाणात आता कापडाच्या पेढीतही आली आहे. मालेगावचा माल घेणारे गावोगावचे दुकानदार दिवसभर विचारतात : गाठ निघाली का, रंग कोणता आहे, भाव काय? आम्हीही एक संगणक, चार फोन आणि चार मुली अशी मांडणी केली. काम सुरळीत चालू झाले, आणि बिलावर सही करून आम्ही निश्चिंत झालो.

लग्नसराईच्या ऐन दिवसांत विजेचा दाब कमीजास्त झाला आणि त्या संगणकाचे नेटवर्क कार्ड जळाले. कारागिराने तासाभरात नवे बसवले. दिवे लागले, फोन वाजू लागले. पण दोन फोन चालू असताना तिसरा आला की लगेच तुटे. आम्ही तारा बदलल्या, फोनचे डबे बदलले, लाइनची तक्रार केली. लाइन ठीक निघाली. इकडे दुकानदारांचा समज झाला की आम्ही भाव वाढवण्यासाठी फोन टाळतो आहोत. तिसऱ्या दिवशी आमच्या भाच्याने संगणकाची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून पाहिली आणि म्हणाला, “मामू, लाइनीत काही दोष नाही. परवाना जुन्या कार्डाच्या नावावर आहे.”

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच बारा अक्षर-आकड्यांचा एक नंबर मिळतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. पुष्कळ कंपन्या आपला परवाना या नंबराला बांधून देतात, म्हणजे एक परवाना दहा यंत्रांवर चालवता येऊ नये. कार्ड बदलले की सॉफ्टवेअरच्या दृष्टीने यंत्रच बदलले. अशा वेळी काही सॉफ्टवेअर पूर्ण बंद पडते, तर काही नमुन्यापुरते दोनेक फोन चालू ठेवते. आमचे दुसऱ्या जातीचे होते, म्हणून दोष लवकर कळला नाही.

फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ही मेख असू शकते. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने १९९९ साली ‘ॲस्टरिस्क’ नावाचे टेलिफोनचे सॉफ्टवेअर लिहिले. फोनचे महागडे यंत्र घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्याने ते स्वतः तयार केले आणि सर्वांसाठी खुले केले. जगातली कितीतरी कॉल सेंटरे त्यावर उभी आहेत. पण आवाज दाबून पाठवण्याची ‘जी ७२९’ ही पद्धत त्यात वापरायची तर वेगळा परवाना घ्यावा लागे. साध्या पद्धतीत एका बोलण्याला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात, या पद्धतीत फक्त ८. जशी सैल गाठ आणि दाबून बांधलेली गाठ. तो परवाना दर चॅनेलला मोजून मिळे आणि नेटवर्क कार्डाला बांधलेला असे. २०१७ साली त्या पद्धतीची पेटंटे संपली. तात्पर्य हे की मूळ माल फुकट असला तरी अस्तराचे पैसे वेगळे पडू शकतात.

आमचा परवाना नव्या कार्डावर आणायला आठवडा गेला, कारण विक्रेत्याने तो आमच्या पेढीच्या नावावर न घेता स्वतःच्या नावावर नोंदवला होता. चूक त्याची होती, पण आमची अधिक होती. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. इंग्रजी करार पाहिला की आम्ही ‘मान्य’ म्हणून पुढे जातो. दुकानाचा भाडेकरार कोणी न वाचता सही करील काय?

म्हणून आमचे म्हणणे असे की अशी खरेदी करताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. परवाना आपल्या पेढीच्या नावावर आणि आपल्याच ई-मेलवर असावा. तो कायमचा आहे की सालीना, हे स्पष्ट असावे. यंत्र बदलल्यास तो किती वेळा आणि किती दिवसांत हलवून मिळेल, ते ठरावे. आणि मोजणी कशी होते हे विचारावे. तीन पाळ्यांत चार-चार अशा बारा मुली असतील, तर नावानिशी मोजणीत बारा परवाने लागतात. एका वेळी कामावर असणाऱ्यांच्या मोजणीत चार पुरतात. चॅनेलवर मोजणी असेल तर रांगेत संगीत ऐकत थांबलेले गिऱ्हाईकही एक चॅनेल अडवते, हे ध्यानात ठेवावे.

फोन तुटू लागले तर तारा ओढण्याआधी क्रमाने पाहावे. संगणकाची तारीख बरोबर आहे का? आतला छोटा सेल संपला असेल तर वीज गेल्यावर तारीख मागे जाते आणि चालू परवानाही अवैध ठरू शकतो. परवान्याची मुदत संपली का? आलेले फोन मोजणीच्या वर गेले का? कार्ड किंवा यंत्र बदलले का? परवाना इंटरनेटवरून तपासला जात असेल तर ती वाट बंद आहे का? परवान्याची नवी फाइल टाकल्यावर सॉफ्टवेअर पुन्हा चालू केले का? लॉगमध्ये उत्तर बहुधा सापडते. परवान्याच्या फाइलीची प्रत आणि कार्डाचा नंबर वहीत असू द्यावा.

काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला, कुलूप तोडलेली प्रत शंभर-दोनशे रुपयांत मिळते. ती घेऊ नये. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरण्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. शिवाय कुलूप तोडणाऱ्याने आत चोरदरवाजा ठेवला, तर रात्री दुकान बंद असताना आपल्या लाइनीवरून परदेशी फोन लागतात आणि बिल आपल्याला येते. कारागिराची मजुरी बुडवणे जसे गैर, तसेच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याची बुडवणेही गैरच.

एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. सरकारी नोंदणी आणि सॉफ्टवेअरचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉल सेंटरांना पूर्वी दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे. नोव्हेंबर २०२० मध्ये ती अट निघाली आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. म्हणून कंपनीचा परवाना माफ झाला असे नव्हे.

शेवटी विनंती एवढीच. आपल्या घरांतली मुले-मुली आता इंग्रजी आणि संगणक शिकलेली आहेत. त्यांना फक्त फोन उचलायला बसवू नका. करार त्यांच्याकडून वाचून घ्या, लॉग त्यांना पाहू द्या. आमच्या पेढीत परवान्याची फाइल आज भाडेकरारासोबत तिजोरीत आहे, आणि तिची एक किल्ली भाच्याकडे आहे.