जॉब किती वेळा पलटायचा?

नगरच्या नागापूर एमआयडीसीत पाच अक्षांच्या मशीनचा विषय काढला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "ते विमानवाल्यांचं काम, आपल्याला काय करायचंय?" असं म्हणणारे अडाणी नसतात. मायक्रॉनशी झगडण्यात त्यांची उमर गेलेली असते. तरीही हे म्हणणं चूक आहे. आणि त्या चुकीला उत्तर म्हणून मशीनचे टूलपाथ आखणारं कॅम सॉफ्टवेअर विकणारा जे सांगतो, तेही चूकच आहे.

पाच अक्ष म्हणजे पिळदार पाती आणि टर्बाइन, हा पहिला गैरसमज. यंत्रशाळेत त्यांचा मोठा उपयोग साध्या, ठोकळेबाज जॉबलाच होतो. पंपाची एखादी बॉडी घ्या. पाच बाजूंना भोकं, त्यातली दोन तिरकी. साध्या व्हीएमसीवर प्रत्येक बाजूसाठी जॉब सोडायचा, पलटायचा, डायल लावायचा, पुन्हा झिरो घ्यायचा. तिरक्या भोकांना वेगळं फिक्स्चर. दर पलटीला वीस मायक्रॉन इकडेतिकडे झाले, तर शेवटचं भोक पहिल्या बोअरशी कसं जुळेल? आणि स्पिंडल बंद असताना गेलेला वेळ कोणत्याच कोटेशनमध्ये दिसत नाही. 'थ्री प्लस टू' पद्धतीत टेबल दोन अक्षांत फिरून हव्या त्या कोनात थांबतं, लॉक होतं आणि पुढे आपलं ओळखीचं तीन अक्षांचं मिलिंग चालतं. पाच पलट्यांच्या जागी दोन.

आणखी एक फायदा बोलण्यात येतच नाही. जॉब कलवता आला की टूल आखूड धरता येतं. टूलचं वाकणं त्याच्या बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे 60 मिलिमीटरऐवजी 40 बाहेर काढलं, तर तेवढ्याच जोराखाली ते एक तृतीयांशाहूनही कमी वाकतं. 'टूल थरथरतंय, फीड कमी कर' ही रोजची कटकट कितीतरी वेळा मशीनची नसते, लांबीची असते.

फिनिशिंगचंही तसंच. 10 मिलिमीटर व्यासाच्या बॉलनोजने दोन पासांमधली कड 5 मायक्रॉनच्या आत ठेवायची, तर पास साधारण 0.45 मिलिमीटरवर टाकावा लागतो. आता बहुतेक चांगल्या कॅम सॉफ्टवेअरमध्ये बॅरल कटरची सोय आहे. त्याच्या कुशीची त्रिज्या 250 मिलिमीटर असेल, तर तेवढीच कड ठेवून पास 3 मिलिमीटरच्या पुढे जातो. डायच्या भिंतीवर सातपट कमी फेऱ्या. पण हा कटर पृष्ठभागाला नेमक्या कोनात टेकवावा लागतो. तो कोन पूर्ण भिंतभर सांभाळायला टेबल कलायला हवं आणि गणित सॉफ्टवेअरने करायला हवं.

इथे विक्रेता खूश होतो, आणि दुसरा गैरसमज सुरू होतो. "मग बटण दाबा आणि जॉब काढा!" थांबा. होल्डर भिंतीला लागायला आला की टूल आपोआप कलवणं, हे नव्या आवृत्त्यांचं मोठं आकर्षण. पण सॉफ्टवेअरला होल्डर माहीत असतो तो आपण भरलेल्या मापांतून. लायब्ररीत 40 व्यासाचा आणि स्पिंडलमध्ये 50 व्यासाचा असेल, तर पडद्यावर सगळं हिरवं दिसतं आणि मशीनवर आपटतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

शिवाय ही आकर्षणं ब्रँडागणिक फार वेगळी नसतात. जर्मनीतल्या आखेनची मॉड्यूलवर्क्स ही कंपनी टूलपाथचे आणि सिम्युलेशनचे घटक कितीतरी कॅम कंपन्यांना पुरवते. दुकानं निराळी, भटारखाना बऱ्याच अंशी एकच. खरा फरक पोस्ट-प्रोसेसरमध्ये, म्हणजे टूलपाथचं आपल्या मशीनच्या जी-कोडमध्ये भाषांतर करणाऱ्या भागात. टूलचं टोक जागेवर धरून अक्ष फिरवायला फानूक जी43.4 मागतो, सीमेन्स ट्राओरी, हायडेनहाइन एम128. फिरतं ते टेबल की स्पिंडलचं डोकं, हेही पोस्टला ठाऊक हवं. टूल उभं होत आलं की सी-अक्ष अचानक गर्रकन फिरतो. ते पोस्टने सांभाळलं नाही तर पृष्ठभागावर डाग उमटतो. म्हणून एकाच नव्या सोयीसाठी पैसे मोजायचे असतील, तर मी पोस्टमधून बाहेर पडलेला जी-कोडच मशीनच्या मॉडेलवर चालवून दाखवणाऱ्या सिम्युलेशनला मोजीन. पोस्टच्या आधीचं सिम्युलेशन म्हणजे हेतूची तपासणी. मशीन हेतू वाचत नाही.

तिसरा गैरसमज सेटरच्या बाजूने येतो : संगणक सगळं करणार, मग आमचं काय? कॅमवर्क्सकडे बघा. गोदरेज समूहातून निघालेल्या जिओमेट्रिक कंपनीचं हे सॉफ्टवेअर. 2017मध्ये जिओमेट्रिक एचसीएलकडे गेली. कॅमवर्क्स भोक, खाच, पॉकेट स्वतः ओळखतं आणि डेटाबेसमधून टूल, फीड, स्पीड उचलतं. पण सोबत येणारा डेटाबेस सर्वसाधारण असतो, तो आपल्या शॉपपुरता भरून घ्यावा लागतो. घोडं पेंड खातं ते इथेच. आपल्या त्या जुन्या मशीनवर ईएन24 किती ओढता येतं, हे सेटरलाच ठाऊक. आणि त्यालाच संगणकापुढे बसवलं जात नाही. ब्रिटनच्या क्लाउडएनसीने 2023मध्ये आणलेला एआय मदतनीसही टूलपाथ सुचवतो, पण जॉब कुठे आणि किती घट्ट पकडायचा ही जबाबदारी माणसाचीच राहते.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. 1972मध्ये कायनेटिकची लूना आली, तेव्हापासून नगरच्या उद्योगाला एकसारख्या हजारो नगांची सवय आहे. तिथे स्पेशल पर्पज मशीन आणि पक्कं फिक्स्चरच जिंकतं. साखर कारखान्याच्या मिल रोलरलाही पाच अक्षांचा उपयोग नाही. त्याला दणकट लेथ हवा. प्रश्न दोन-चार नगांच्या कामांचा आहे : डाय, पॅटर्न, नव्या वाहनाचे चाचणीचे भाग. वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ज्या शहरात आहे, तिथे असं काम परकं मानायचं कारण नाही.

तेव्हा डेमोला जाताना विक्रेत्याचा चकचकीत इम्पेलर बघत बसू नका. गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा पलटलेला आपला जॉब आणि त्याचं ड्रॉइंग सोबत न्या. आपल्या कंट्रोलरचं पोस्ट मागा, आपले होल्डर भरायला लावा, आणि शेजारी मालकाऐवजी सेटरला बसवा. पहिले तीन प्रश्न तोच विचारेल.