लेकरांच्या दुखण्यासाठी एक सकाळ द्या

गावकरी मंडळी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सहा वाजता साखऱ्याच्या आरोग्य केंद्रासमोर जमू या. तो दिवस जगभर पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे उपशामक सेवेचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपण सेनगावच्या रस्त्यानं पायी निघू या, असाध्य किंवा दीर्घ आजारानं अंथरुणाला खिळलेल्या लेकरांसाठी.

ही लेकरं आपल्या नजरेला पडत नाहीत. ती शाळेत दिसत नाहीत, बाजारात दिसत नाहीत. कुणाला रक्ताचा कर्करोग, कुणाला थॅलेसीमिया किंवा सिकलसेल, कुणाला सेरेब्रल पाल्सी. कुणाचे स्नायू वर्षागणिक निकामी होत चाललेले. आई-बाप नांदेड, छत्रपती संभाजीनगर करत मुंबईच्या टाटापर्यंत जाऊन येतात. रान गहाण पडतं. मग एक दिवस डॉक्टर सांगतात, आता घरी घेऊन जा. प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट घेऊन ते एसटीनं परत येतात आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. रात्री दोन वाजता लेकरू कण्हतं, आणि माय नुसती उशाशी बसून राहते. काय द्यावं, कुणाला फोन करावा, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

खरं तर करण्यासारखं पुष्कळ असतं. शब्दांत नीट सांगता न येणाऱ्या लहानग्याचं दुखणं मोजायला सहा चेहऱ्यांचं एक साधं कार्ड असतं, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. लेकरू बोट ठेवतं आणि नर्सला कळतं की गोळी पुरते आहे की नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2012 मध्ये मुलांच्या वेदनेसाठी दोन पायऱ्या सांगितल्या: आधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, त्यानं भागलं नाही तर मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडावाटे, आणि दुखणं उसळायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे. मॉर्फिनचं नाव निघालं की माणसं दचकतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिननं लेकरू सहसा व्यसनी होत नाही. त्यानं बद्धकोष्ठता होते, म्हणून जोडीला पोट साफ होण्याचं औषध देतात. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून संसदेनं 2014 मध्ये कायदाही बदलला. बाकी कूस कशी बदलावी, जखम कशी धुवावी, घास कसा भरवावा, हे सगळं घरच्या माणसाला शिकवता येतं.

ही सेवा फक्त शेवटच्या दिवसांची, हा समज आधी मनातून काढून टाकू या. मुलांच्या बाबतीत ती निदान झाल्या दिवसापासून सुरू व्हावी आणि उपचारांच्या जोडीनं चालावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. केमो चालू असलेल्या लेकराचं दुखणंही थांबवायचंच असतं.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस (असाध्य रुग्णांचं शुश्रूषागृह), शांती अवेदना सदन, 1986 मध्ये वांद्र्याला उभं राहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र 1997 पासून आहे. 2010 मध्ये ब्रिटिश सरकारच्या मदतीनं आणि टाटा रुग्णालयाच्या सहभागानं मुलांसाठी खास प्रकल्प सुरू झाला आणि तो जव्हारसारख्या आदिवासी, डोंगराळ तालुक्यापर्यंत पोहोचला. जव्हारला जमतं, तर सेनगाव तालुक्यालाही जमेल. पण बाहेरच्या निधीला मुदत असते. गावानं धरलेलं काम टिकतं, हे केरळनं दाखवलं आहे. तिथं शेजारपाजारची माणसं प्रशिक्षण घेऊन घरोघर जातात, आणि दुकानादुकानांत ठेवलेल्या डब्यांत पडणाऱ्या सुट्ट्या पैशांचाही त्या कामाला हातभार लागतो.

आपल्याकडे कागदावर सगळं आहे. उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 चा. 2018 पासून आरोग्यवर्धिनी केंद्रांत द्यायच्या बारा सेवांच्या यादीत ही सेवा आहे. जी सेवा कुणी मागत नाही, ती यादीतच मरते. तिला वाचवायचं असेल तर मागणारी माणसं रस्त्यावर दिसली पाहिजेत.

आणि चालणं आपल्याला कुणी शिकवायला नको. नामदेवांची नर्सी आपल्या जिल्ह्यात आहे. शेगावची पालखी याच जिल्ह्यातून पंढरीला जाते, तेव्हा आपण वाटेवर पंगती मांडतो, वारकऱ्यांच्या पायाला तेल लावतो. अनोळखी माणसाचे दुखरे पाय चेपणाऱ्या गावाला शेजारच्या घरातलं लेकरू परकं कसं असेल?

आता करायचं काय, ते सांगतो. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घेऊ या: समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी अशा लेकरांच्या घरी नियमित भेट द्यावी, आणि वेदनेची औषधं, मॉर्फिनसकट, जिल्हा रुग्णालयात कायम मिळावीत. चालण्याच्या दिवशी तो ठराव सेनगावला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाती देऊ. गावागावांतून दोन-दोन माणसं घरभेटीचं प्रशिक्षण घ्यायला पुढे येऊ देत. ज्याला जमेल त्यानं पैसे द्यावेत. प्रत्येक रुपयाची पावती मिळावी आणि हिशोब ग्रामसभेत वाचला जावा. त्यातून हवेची गादी, चाकाची खुर्ची, दवाखान्याचं एसटी भाडं एवढं तरी नक्की भागेल. एक पथ्य मात्र कडक पाळायचं: कुठल्याही आजारी लेकराचा फोटो फलकावर लावायचा नाही, त्याला मिरवायचं नाही.

सोयाबीनची काढणी ऐन भरात असेल, हे ठाऊक आहे. म्हणूनच वेळ पहाटेची ठेवू. ज्यांना सेनगावपर्यंत येणं जमणार नाही त्यांनी गावच्या शिवेपर्यंत यावं आणि मग खुशाल रानात जावं. म्हाताऱ्यांनी दारात उभं राहून पाणी द्यावं, तेही चालण्याइतकंच मोलाचं. शिक्षकांनी मोठ्या वर्गातली मुलं आणावीत. आपल्या वर्गातलं एक बाक रिकामं का आहे, हे त्यांनाही कळू दे.

तुमच्या घरात असं लेकरू असेल तर संकोच सोडून आशाताईंना आजच सांगा. नसेल, तर शनिवारी चालायला या.