राक्षसांची नावे कोणी ठेवली? : अद्भुतकथेतील घडीव शब्दांविषयी

नाशिक परिसर म्हणजेच रामायणातील जनस्थान, असे परंपरा मानते. शूर्पणखेची नासिका येथे छेदली गेली म्हणून गावाचे नाव नासिक, ही लोकव्युत्पत्ती इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिच्या बाजूने चौदा हजार राक्षसांनिशी रामाशी लढलेल्यांची नावे मात्र सहसा कोणी तपासून पाहत नाही. खर, दूषण, त्रिशिरा. खर म्हणजे गाढव, किंवा कठोर. दूषण म्हणजे कलंक. त्रिशिरा म्हणजे तीन डोक्यांचा. आणि शूर्पणखा म्हणजे सुपासारख्या नखांची. जगाच्या पाठीवरील कोणतीही आई आपल्या लेकराचे नाव 'दूषण' ठेवणार नाही. ही नावे त्या माणसांनी स्वतःसाठी ठेवलेली नाहीत, ती जेत्याच्या भाषेत घडवली गेली आहेत, हे समजण्यासाठी इतिहासाच्या पुराव्याची गरज नाही. व्याकरण पुरेसे आहे.

कल्पित जगासाठी शब्द घडवणे हा निरुपद्रवी, बालसुलभ खेळ आहे, असे मानणाऱ्यांसमोर ही चार नावे ठेवावीत असे प्रस्तुत लेखकाला वाटते. चर्चासत्रांतून हल्ली एक मत वरचेवर मांडले जाते. अद्भुतकथेतील घडीव नाव म्हणजे निव्वळ ध्वनी. त्याला पूर्वेतिहास नसतो. चिन्ह यादृच्छिक असते हे सोस्यूरने सांगूनच ठेवले आहे. तेव्हा लेखकाने शब्द कोठून उचलला हा प्रश्न समीक्षेचा नव्हे, फार तर कुतूहलाचा. या मताला सैद्धान्तिक भाषेचा मुलामा असल्याने विद्यार्थी ते मुकाट्याने उतरवून घेतात. पण ज्या सोस्यूरची साक्ष काढली जाते, त्यानेच यादृच्छिकतेच्या सिद्धान्ताला लागूनच सापेक्ष कारणिततेचाही विचार केला आहे. काही चिन्हे भाषेतील इतर चिन्हांच्या आधारानेच उभी राहतात. घडीव शब्द तर संपूर्णपणे त्या आधारावर जगतो. वाचकाच्या कानात आधीपासून वसलेल्या भाषांचे, त्या भाषांच्या प्रतिष्ठेचे आणि अप्रतिष्ठेचे पडसाद उठल्याखेरीज त्याला अर्थच लाभत नाही.

एका वर्गात केलेला छोटासा प्रयोग येथे नोंदवतो. एम. ए.च्या विद्यार्थ्यांपुढे 'आंडोर' हा एकच शब्द ठेवला आणि विचारले, अद्भुतकादंबरीत हे कशाचे नाव असेल? बहुतेकांनी किल्ला लिहिला, काहींनी काळोखाचे राज्य, दोघातिघांनी नरभक्षक दैत्य. सटाण्याकडचे दोन विद्यार्थी मात्र आधी एकमेकांकडे पाहून हसले आणि मग गप्प झाले. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा. बागलाण, मालेगाव, कळवण भागांतील घराघरांत हा शब्द मायेने उच्चारला जातो. टोल्कीनच्या काव्यभाषेत जवळजवळ याच ध्वनिरूपाचा 'आन्दोर' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'देणगीची भूमी' असा आहे. वर्गातील कोणालाही तो अर्थ सुचला नाही. त्यांना दैत्य सुचला. तेव्हा ध्वनी निरपेक्ष असतो म्हणजे नेमके काय?

टोल्कीनचा उल्लेख झालाच आहे, तर तोही पूर्ण करावा. ऑक्सफर्डच्या या भाषाशास्त्रज्ञाने शब्दांचा शोध हवेत घेतला नाही. 'क्वेन्या'च्या घडणीवर फिनिश भाषेचा, 'सिंदारिन'च्या घडणीवर वेल्श भाषेचा संस्कार आहे; 'थेओदेन' या राजाचे नाव प्राचीन इंग्रजीतील 'राजा' याच अर्थाच्या शब्दावरून आले आहे. त्याच्या शब्दांना जे वजन आहे ते या कुळाचाराचे आहे. तथापि खुजांच्या भाषेची ठेवण त्याने सेमिटिक भाषांच्या धर्तीवर योजली आणि त्या जमातीचे सोन्याचे वेडही रंगवले, तेव्हा यहुदी वाचकाला काय वाटले असेल हा प्रश्न त्याच्या भक्तांनाही टाळता आलेला नाही. अमेरिकेतील 'क्लिंगॉन' या चित्रपटीय भाषेचा कर्ता मार्क ओक्रांड याचा पीएच.डी.चा विषय कॅलिफोर्नियातील मुत्सुन ही आदिवासी भाषा होता. तिची अखेरची अस्खलित भाषक १९३० साली वारली. ओक्रांडच्या भाषेचा शब्दकोश १९८५ मध्ये निघाला, आणि ती बोलतात परग्रहावरील युद्धखोर. ओक्रांडचा हेतू दुष्ट होता असे येथे म्हणायचे नाही. अमेरिकन आदिवासी भाषांच्या व्यासंगातून कमावलेला कान अखेरीस कोणाच्या तोंडी भाषा घालण्यासाठी वापरला गेला, एवढेच पाहायचे आहे.

आपल्याकडे हा प्रकार 'बाहुबली'च्या (२०१५) निमित्ताने उघड्यावर आला. कालकेय या रानटी टोळीसाठी मदन कार्की यांनी 'किलिकी' नावाची भाषा रचली; तिला शब्दसंग्रह आहे, व्याकरणाचे नियम आहेत. परिश्रम म्हणून ते कौतुकास्पदच. परंतु त्या चित्रपटात भाषा घडवावी लागली ती काळ्या रंगाने माखलेल्या, किंचाळणाऱ्या, पराभूत होण्यासाठीच आणलेल्या टोळीसाठी. माहिष्मतीच्या राजपुत्रांना तिची गरज भासली नाही. ते प्रेक्षकाच्याच भाषेत बोलतात. अनाकलनीयता ही शत्रूची आणि आकलनीयता ही नायकाची, हा जनस्थानातलाच न्याय. मराठी प्रेक्षकाने तो ज्या सहजतेने स्वीकारला, ती सहजता आली कोठून?

ती आपल्या वाङ्मयाच्या एका जुन्या सवयीतून आली आहे. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांपासून मराठीत कल्पित जगाचे नामकरण संस्कृताच्या हवाली झाले. विज्ञानकथेनेही ती वाट सोडली नाही. 'यक्षांची देणगी' हे जयंत नारळीकरांच्या संग्रहाचे शीर्षक याच परंपरेतले. संस्कृत ही मातृभाषांची जननी, तिचे धातू नि उपसर्ग अक्षय, मग दुसरीकडे जावेच कशाला, असा या पक्षाचा युक्तिवाद असतो. शिवकालीन राज्यव्यवहारकोश आणि नाशिकजवळच्या भगूरचे सुपुत्र सावरकर यांची भाषाशुद्धी ही त्याची दोन मोठी प्रमाणे म्हणून पुढे केली जातात.

येथेच मूळ गफलत आहे. 'महापौर', 'दिग्दर्शक' हे सावरकरांच्या नावे सांगितले जाणारे शब्द टिकले, कारण ते पारदर्शक आहेत. व्यवहारातील परिभाषेचे कर्तव्यच असे की शब्दापाशी वाचकाने थांबू नये, पलीकडे जावे. अद्भुतकथेतील शब्दाचे कर्तव्य नेमके उलटे आहे. त्यापाशी वाचकाने क्षणभर थबकले पाहिजे, आपण परक्या मुलुखात आलो आहोत याची त्याला जाणीव झाली पाहिजे, आणि तरीही या मुलुखाला स्वतःचे नियम आहेत असा विश्वास वाटला पाहिजे. संस्कृतातून ताजा जोडलेला सामासिक शब्द मराठी वाचकाला थबकवत नाही. 'तमोदुर्ग' म्हटले की तो मनात विग्रह करून मोकळा होतो. फार तर त्याला कचेरीच्या दारावरची पाटी आठवते. आपल्या बऱ्याच अद्भुतकादंबऱ्यांतील मांत्रिक भाषा संचालनालयाच्या परिभाषेत शाप देत असल्यासारखे वाटतात, याचे कारण हेच. संस्कृतोद्भव शब्द या लेखनात नेहमीच निकामी ठरतो असा मात्र याचा अर्थ नाही. मुग्धा कर्णिक यांनी टोल्कीनच्या महाकादंबरीच्या अनुवादाला 'स्वामी मुद्रिकांचा' हे नाव दिले, तेव्हा 'मुद्रिका' या शब्दाने मारुतीने अशोकवनात नेलेली अंगठी बरोबर आणली. 'अंगठ्या' म्हणून ते साधले नसते. येथे संस्कृत कोशातून आलेले नाही, कीर्तनातून आले आहे.

मग खाण कोणती? उत्तर गोदावरीच्याच काठी आहे. 'बृहत्कथे'चा कर्ता गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी होता, अशी कथा सोमदेवाने 'कथासरित्सागरा'त सांगितली आहे. राजाला संस्कृत शिकवायला सहा वर्षे लागतील असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्म्याने ते सहा महिन्यांत करून दाखवण्याचा पण लावला. आणि पण हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याग केला. उरली पैशाची, पिशाचांची भाषा. तीत त्याने सात लक्ष श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती झिडकारली, तेव्हा अरण्यात पशुपक्ष्यांना वाचून दाखवत एकेक पान त्याने अग्नीत टाकले. राजाला उपरती झाली तोवर एक लक्ष श्लोक शिल्लक होते. पैशाची नेमकी कोणाची भाषा, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण कथेने केलेली मांडणी विलक्षण आहे: अद्भुताचा आद्य ग्रंथ राक्षसांविषयी नाही, तो त्यांच्या भाषेत आहे. आणि आज तो आपल्याला सलगपणे मिळतो तो मुख्यतः गुणाढ्याने टाकून दिलेल्या संस्कृतात. यावर अधिक भाष्य नको.

नवशब्दांच्या कारागिरीला उपयोगी पडेल असे एक सूत्र बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या व्याकरणात आहे. चूलिकापैशाचीत वर्गातील तिसऱ्या व चौथ्या व्यंजनांच्या जागी अनुक्रमे पहिली व दुसरी येतात. नगराचे 'नकर' होते, मेघाचा 'मेख', राजाचा 'राचा', दामोदराचा 'तामोतर'. एवढा एकच नियम, आणि सबंध जग एका पावलाने बाजूला सरकते. 'राचा' ऐकताना राजा जवळच कोठेतरी आहे असे वाटते, पण हाती लागत नाही. सुटे विचित्र शब्द शेकड्याने घडवून जे साधत नाही, ते एका नियमाने साधते. कारण विचित्रपणा शब्दात नसतो, शब्दाशब्दांमधील नात्यात असतो. लहानपणी 'च'ची भाषा बोललेल्या कोणालाही हे अंतर्मनात माहीत असते. मराठी अद्भुतलेखकाने ते वापरलेले दिसत नाही. तो शब्द गोळा करतो, भाषा करत नाही.

बोलींचा प्रश्न याहून नाजूक आहे. नाशिक जिल्ह्यात अहिराणी आहे, सुरगाणा-पेठकडे कोकणा आहे, भिल्ल आणि वारली समाजांच्या बोली आहेत. ग्रिअर्सनने खानदेशीला भिल्ली भाषांबरोबर एकाच खंडात बसवले. अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडाने (२०१३) या बोलींची ताजी नोंद केली. तरी साहित्यात त्यांना जागा मिळते ती ग्रामीण वास्तवाच्या संवादांत. देशीवादाने बोलीला प्रतिष्ठा दिली हे खरे, परंतु ती वास्तववादाच्या कुंपणातली प्रतिष्ठा होती. बोलीत शेतकरी कर्जाविषयी बोलू शकतो. आकाशातील नक्षत्रांना, राजवंशांना, न घडलेल्या युगांना बोलीत नावे देता येतात, हे देशीवाद्यांनाही सुचले नाही. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राच्या पराक्रमाचा लेख प्राकृतात कोरवला, त्या राजमातेला असा संकोच वाटला नव्हता.

पण कुंपण तोडणे म्हणजे लूट करणे नव्हे. नारायण धारपांच्या 'लुचाई' या नावाचेच पाहा. हा शब्द मराठी भयकथेतील सर्वोत्तम घडीव शब्दांपैकी एक आहे असे माझे मत आहे. जाखाई, मेसाई, सटवाई या ग्रामदेवतांच्या नावांतील 'आई' त्यात आहे, 'लुच' या ध्वनीतील ओरखडाही आहे. कोठल्याही सामासिक शब्दाला ही भीती पेलली नसती. आणि तरीही, जिच्यापुढे बाळाच्या पाचवीला नैवेद्य ठेवला जातो तिच्या नावाचा प्रत्यय शहरी वाचकाच्या अंगावर काटा आणण्यासाठी वापरला गेला, ही अस्वस्थताही दडवता येत नाही. दोन्ही विधाने मी मागे घेत नाही.

आदिवासी बोलींच्या बाबतीत ही अस्वस्थता वाढते. कोकणा-वारली समाजातील धान्यदेवता कणसरी. तिची कथा थाळगानात रात्र रात्र गायिली जाते. उद्या एखाद्या कादंबरीकाराने हे नाव उचलून चेटकिणीला दिले, तर 'ध्वनी निरपेक्ष असतो' हे उत्तर कोणाच्या तोंडावर फेकायचे? माझी कसोटी साधी आहे. ज्या भाषेतून शब्द घेतला, तिचा भाषक त्या पुस्तकाचा वाचक होऊ शकतो असे लेखकाने धरले आहे काय? धरले असेल तर तो व्याकरण शिकेल, अर्थाची छटा विचारून घेईल, उपासनेतील नावे तशीच राहू देईल, आणि घेतलेले शब्द किल्ल्याच्या दोन्ही बाजूंना वाटेल. न धरले असेल तर तो शब्दांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून राक्षस तयार करील. मराठीत असे 'वेगळे वाटणारे' शब्द आजही बहुधा एकाच बाजूला पडतात.

अशाने लेखकाचे स्वातंत्र्य संकुचित होते, असा आक्षेप येईल. येऊ द्यावा. टोल्कीनने अनुवादकांसाठी आपल्या नावांविषयी स्वतंत्र टिपण लिहून ठेवले, कोणते नाव भाषांतरित करावे नि कोणते जसेच्या तसे ठेवावे याचे. त्यामुळे त्याचे स्वातंत्र्य कमी झाल्याचे दिसत नाही.

त्या वर्गातील सटाण्याच्या दोघांपैकी एकाने पुढे काही पाने लिहून आणली. त्यात आंडोर हे एका राज्याचे नाव आहे. तेथे वारसाला आणि भूमीला एकच शब्द आहे, आणि त्यावरूनच तंटा पेटतो. क्रियापदांना त्याने अहिराणीचे 'स'कारान्त रूप दिले आहे, सर्वांसाठी, राजासाठीही. खलनायक मात्र शुद्ध, समासप्रचुर, शासकीय मराठी बोलतो. वर्गात ती पाने वाचली गेली तेव्हा खलनायक कोण हे सांगावे लागले नाही. त्या खलनायकाला त्याने अजून नाव दिलेले नाही; 'दूषण' चालेल का, असे त्याने मला विचारले आहे.