धुराचा जमाखर्च

जुलै २०२५ मध्ये धुराविषयीच्या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या आणि त्यांची संगती मात्र फारशी कोणी लावली नाही. मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे यासाठी उच्च न्यायालयाने जानेवारीत घातलेली सहा महिन्यांची मुदत त्या महिन्यात भरली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने देशातील सुमारे ७८ टक्के औष्णिक वीजसंचांना, धुरातील गंधकवायू शोषून घेणारी यंत्रणा बसविण्याच्या बंधनातून मोकळे केले. हे बंधन डिसेंबर २०१५ चे. दोन वर्षांत ते पाळले जावयाचे होते. मुदतीवर मुदत मिळत गेली आणि दहाव्या वर्षी बहुतेकांपुरते बंधनच उरले नाही. पाववाल्याला सहा महिने. वीजकंपनीला दहा वर्षे, आणि वर माफी!

बेकरीचा धूर निरुपद्रवी आहे असे कोणी म्हणणार नाही. रंग-रोगण लागलेले जुन्या फर्निचरचे भंगार लाकूड ज्या भट्टीत जळते, तिच्यापुढे रात्रभर उभा असणारा कामगारच तो धूर सर्वांत आधी पितो. त्याच्यासाठी तरी भट्टी बदलली पाहिजे. फक्त त्या बदलाचा खर्च त्याच्या मजुरीतून वसूल होता कामा नये. प्रश्न वेगळाच आहे. हवा कोण बिघडवतो, हे ठरते कसे आणि ठरवते कोण?

याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिली वाण्याच्या खतावणीसारखी. प्रदेशात किती कोळसा, किती डिझेल, किती लाकूड जळते आणि त्यातून किती धूळ व वायू बाहेर पडतात याची खातेवार बेरीज करावयाची. दुसरी रीत पंचनाम्याची. हवेतील कण गाळणीवर गोळा करून त्यांचे रासायनिक पृथक्करण करावयाचे. सिलिकॉन मातीकडे बोट दाखवते, पोटॅशियम लाकूड-पाचोळ्याकडे, व्हॅनेडियम व निकेल जड इंधन तेलाकडे.

या दोन रीतींची उत्तरे जुळतातच असे नाही, आणि सगळे राजकारण त्या फटीत शिरते. कानपूरच्या आयआयटीने दिल्लीविषयी २०१६ साली दिलेल्या अहवालात हे स्वच्छ दिसते. खतावणीप्रमाणे अतिसूक्ष्म कणांत रस्त्यावरच्या धुळीचा वाटा ३८ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा. परंतु हिवाळ्यातील गाळणी तपासली तेव्हा धुळीचा वाटा अगदी किरकोळ निघाला आणि सुमारे ३० टक्के कण असे निघाले, की जे कोणत्याही धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडलेलेच नव्हते. गंधकाचे व नत्राचे वायू वाटेत, हवेतच, सल्फेट व नायट्रेटचे कण बनतात. धुराड्यातून निघालेला गंधकवायू अशा रीतीने शेकडो किलोमीटर दूरच्या माणसाच्या फुप्फुसात कणरूपाने उतरतो. कणांच्या खतावणीत या ऋणकोचे नावच नसते.

सरकारचा युक्तिवाद असा, की भारतीय कोळशात गंधक कमी आहे, वीजकेंद्रांच्या आसपास हवेतील गंधकवायू मर्यादेत आहे आणि यंत्रणेच्या खर्चाने वीज महागेल. पहिला मुद्दा बराचसा खरा आहे. पण गंधकाचे प्रमाण कमी आणि जळणारा कोळसा कोट्यवधी टन, हा गुणाकार कोणी टाळू नये. दुसरा मुद्दा चोराला त्याच्या स्वतःच्या घरात शोधण्यासारखा आहे. वायू धुराड्याजवळ मोजावयाचा आणि कण झालेला गंधक दूर गेला की तो बेवारस समजावयाचा! विजेच्या दराचा मुद्दा मात्र समाजवाद्यांनी हसण्यावारी नेऊ नये; गरिबाच्या बिलावर त्याचा भार येईल. परंतु ही यंत्रणा न बसवल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो वीजबिलातून निघून औषधाच्या बिलात जातो, आणि तेथे ना आयोग असतो, ना सवलतीचा दर. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर १९५० साली ग्रंथ लिहिला तो याच विषयावर.

‘खासगी’ या शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे वीजकेंद्र कोणा शेठजीचे नाही, ते महाराष्ट्र शासनाच्या मालकीचे आहे. मालकी सार्वजनिक झाली की धूर पांढरा होतो अशी समजूत चळवळीत कोणाची असल्यास ती चंद्रपुरात जाऊन तपासावी. वीज जाते मुंबई-पुण्याला, राख आणि धूर राहतो विदर्भात.

शासकीय योजनांना ही भूगोलाची बाजू पेलतच नाही. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहराशहरांचा आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ साली केलेल्या पाहणीनुसार त्यातील ६४ टक्के पैसा रस्त्यांच्या धुळीवर खर्च झाला. उद्योगांच्या धुरावर १ टक्कासुद्धा नाही. रस्ता झाडणारे यंत्र विकत घेता येते आणि त्याचे उद्घाटनही होते. शिवाय धूळ कोणाविरुद्ध न्यायालयात जात नाही. पाण्याचे नियोजन गावाच्या शिवेवर थांबत नाही, पाणलोट क्षेत्र पाहावे लागते, हे महाराष्ट्र दुष्काळातून शिकला. हवेचेही पाणलोट असते. नागपूर, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर यांची खतावणी एकत्र मांडल्याखेरीज नागपूरच्या महापालिकेने कितीही झाडलोट केली तरी हिशेब लागणार नाही.

अशी खतावणी उघडी ठेवणे अशक्य नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ साली कारखान्यांच्या धुराड्यांतील धुळीवरून त्यांना तारे देऊन ती यादी लोकांपुढे ठेवण्यास सुरुवात केली. धुळीचे जे करता आले ते गंधकाचे करता येते. मे २०२३ मध्ये कोराडीत १,३२० मेगावॅटच्या नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. अशा सुनावण्या यापुढेही होतील. तेथे जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी घोषणांच्या जोडीला तीन आकडे लेखी मागावेत: वर्षाला कोळसा किती टन, त्यात गंधक किती आणि त्याचे सल्फेट कोणकोणत्या जिल्ह्यांत उतरते. पहिले दोन केंद्राच्या दप्तरात असतातच. तिसरा काढण्यास शासनाला भाग पाडावे लागेल, आणि तो हाती येईपर्यंत संमतिपत्रावर सही होऊ देऊ नये.