खटपट : मोटार बसवली तरी ती सायकलच!

"मावशी, सायकलीला मोटार बसवली की ती सायकल राहते का गं?"

माझ्या भाच्याने हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या उजव्या हातात पाना होता आणि डाव्या हाताची बोटं वेलची केळ्यांसारखी टम्म सुजलेली होती. नट काही फिरत नव्हता. मी वैतागून म्हटलं, "आधी हा नट फिरव, मग सांगते!" त्याने नट फिरवला. उत्तर द्यायला मात्र मला बरेच दिवस लागले. आज ते तुम्हालाही सांगते.

मी राहते कळंबला. वसई तालुक्यात, निर्मळच्या पुढे, अगदी समुद्राला टेकलेलं हे गाव. नालासोपारा स्टेशन इथून सात-आठ किलोमीटर. रस्त्यात चढ म्हणाल तर औषधालाही नाही! त्यामुळे सायकल ही आमची जुनी सोबतीण. पण चढ नसला तरी इथे दुसरी एक गंमत आहे. भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकला असाल. दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा धावत येतो. हाच खारा वारा. सकाळी स्टेशनकडे जाताना तो आडवा येत नाही. पण दुपारी घरी परतताना तोंड पश्चिमेला आणि वारा थेट छातीवर! समोरून येणारी हवा दुप्पट वेगाने लागली की तिचा अडथळा दुप्पट नाही, साधारण चौपट होतो. म्हणजे आमच्याकडचा चढ डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतो.

पूर्वी मला त्याचं काही वाटत नव्हतं. मग दुखणं आलं. त्याचं नाव आमवात. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते ना, तीच चुकून आपल्याच सांध्यांवर चाल करून जाते. सांधे सुजतात, दुखतात. सकाळी उठल्यावर बोटं तासभर उघडत नाहीत. हा काही फक्त म्हाताऱ्यांचा आजार नाही, बरं का. तो कुठल्याही वयात होऊ शकतो, अगदी लहान मुलांनाही सांध्यांचा असाच एक आजार होतो. औषधांनी तो आटोक्यात राहतो, पण काही दिवस बरे जातात आणि काही दिवस वाईट.

वर्षभर सायकल पडवीत उभी राहिली. खाऱ्या हवेने चेन गंजली, स्पोकांवर तांबूस डाग आले. येणारे-जाणारे म्हणायचे, "आता कशाला हवी सायकल? देऊन टाका." मी हसून वेळ मारून नेत असे. पण खरं सांगू? सायकल गेली की पाय गेल्यासारखं वाटेल, याची मला भीती वाटत होती. रिक्षा होती, शेजारी सोडायला तयार होते. पण कुठे जायचं, कधी निघायचं, वाटेत कुठे थांबायचं, हे सगळं दुसऱ्याच्या हातात जातं. आजारी माणसाचं दुखणं फक्त सांध्यात नसतं, ते इथेही असतं.

मोटार बसवायची कल्पना डोक्यात होती, पण लाज वाटत होती. ही लबाडीच नाही का? जे पाय मारत नाहीत त्यांनी सायकल म्हणू नये, असं काहीसं.

मग मी वाचायला घेतलं. आणि मला भेटली काही मंडळी.

पहिला भेटला श्टेफान फार्फ्लर. जर्मनीत न्युर्नबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावचा घड्याळजी. त्याला चालता येत नव्हतं. पण चाकं, दाते आणि आस यांची भाषा त्याला येत होती! १६५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी केली. हाताने दांडा फिरवायचा, दात्यांमधून ती गती पुढच्या चाकाला जायची. लक्षात घ्या, तेव्हा सायकलचा शोधही लागलेला नव्हता. तो लागायला अजून दीडशेहून जास्त वर्षं होती!

दुसरे भेटले जपानचे सोइचिरो होंडा. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पेट्रोलची टंचाई, गाड्या-आगगाड्या खच्चून भरलेल्या. १९४६ साली त्यांच्या हाती सैन्याच्या बिनतारी यंत्रांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं लागली. त्यांनी ती सायकलीला जोडली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी कुठली लावली असेल? शेकायची गरम पाण्याची बाटली! आणि ही सायकल रस्त्यावर चालवून पाहिली त्यांच्या पत्नी साची यांनी. लांबून सामान आणताना त्यांचे पाय भरून येत, तो त्रास कमी व्हावा हा विचारही या खटपटीमागे होता. पुढे ती सायकल तिच्या आवाजावरून 'बाता-बाता' म्हणून ओळखली गेली.

आणि आपली लूना? पुण्याच्या किनेटिक इंजिनीअरिंगने १९७२ साली ती आणली. ५० सीसीचं इंजिन, पण पायडलंही होती! पेट्रोल संपलं की मारा पाय. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. २०२४ साली तीच लूना विजेवर चालणारी होऊन पुन्हा आली.

पण मला खरा धीर दिला तो कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी. सोळा-सतराव्या वर्षी त्यांच्या कमरेखालचं शरीर लुळं पडलं. खेळणारी, नाचणारी मुलगी अंथरुणाला खिळली. अशा वेळी त्यांना भेटले बाबूकाका दिवाण. त्यांचेही पाय गेलेले. पण आपल्याला हातांनी चालवता येईल अशी करून घेतलेली मोटार ते स्वतः चालवत! कल्पना करा, त्या मुलीला ते पाहून काय वाटलं असेल. पुढे नसीमादीदींनी शिक्षण पुरं केलं, सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. अपंग मुलांसाठी वसतिगृह, शाळा, आणि चाकाच्या खुर्च्या, तीनचाकी सायकली तयार करणारी कार्यशाळासुद्धा. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव आहे 'चाकाची खुर्ची'.

या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसली. फार्फ्लर असो की बाबूकाका, त्यांनी "माझं शरीर यंत्राला जमत नाही" असं म्हटलं नाही. "यंत्र माझ्या शरीराला जमवून घेऊ" असं म्हटलं.

झालं! आधी डॉक्टरांना विचारलं. सायकलवर अंगाचा भार बसकेवर पडतो, म्हणून गुडघ्यांना ती चालण्या-धावण्यापेक्षा सोपी जाते. जोर कमी लागणार असेल तर चालवा, असं ते म्हणाले. मग मी कागद-पेन्सिल घेऊन दोन रकाने केले. एका रकान्यात 'मला काय जमतं', दुसऱ्यात 'काय जमत नाही'.

पाय उंच टाकून बसणं जमत नाही. म्हणून आडव्या दांड्याची सायकल नको, लेडीज सायकल हवी. बारीक मूठ आवळता येत नाही. म्हणून हँडलच्या मुठींवर जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून त्या जाड केल्या. अंगठ्याने बटण दाबून धरणं जमत नाही. म्हणून मूठ पिळून पळणारी मोटार नको, पायडल फिरताच आपोआप मदत करणारी हवी.

ही मदत कशी मिळते माहीत आहे? पायडलांच्या आसावर बारीक चुंबकं लावलेली एक चकती बसवतात. तिच्याजवळ एक संवेदक असतो. पायडल फिरलं की चुंबकं त्याच्या समोरून जातात, तो नियंत्रकाला निरोप धाडतो, "बाई पाय मारतायत!" नियंत्रक बॅटरीतली वीज चाकाच्या हबमधल्या मोटारीला देतो. पाय थांबले की मोटार थांबते. ब्रेक दाबला तरी थांबते.

आता थोडा हिशेब. माझी बॅटरी ३६ व्होल्टची, १० अँपिअर-तासांची. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॅट-तास. विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे एका युनिटच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज तिच्यात मावते. मोटारीने सरासरी १२० वॅट घेतले तर कागदावर तीन तास. खारा वारा लागला की कमी! आणि सायकल आरामात चालवणारा निरोगी मोठा माणूस साधारण ७५ ते १०० वॅट शक्ती लावतो. घरातल्या पंख्याएवढी. मला हवी होती ती तेवढीच, आणखी एक पंखाभर मदत.

काम कसं चाललं म्हणता? दिवसाला एक नट. खोटं नाही सांगत! वाईट दिवशी तोही नाही. तेव्हा मी नुसती खुर्चीत बसून कुठली वायर कुठे जाते त्याचं चित्र काढायची. पण उद्या करायचं काहीतरी आहे, हे मनात असलं की रात्र लहान होते.

आणि मी एक चूकही केली. हबमधली मोटार चाकाला पुढे ढकलते तेव्हा आस उलटा फिरू पाहतो. तो फिरू नये म्हणून आसाला एक लोखंडी पट्टी घालून ती चिमट्याला घट्ट बांधावी लागते. मी घाईत म्हटलं, नट घट्ट आहेत, चालेल! कसले घट्ट? माझ्याच सुजलेल्या हातांनी आवळलेले! अंगणात चाचणी घेताना आस फिरला आणि वायर पिळवटून तुटली. नशीब, मी वर बसले नव्हते. रस्त्यावर चाक निसटलं असतं तर? चार दिवस मी त्या सायकलीकडे पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी भाचा आला. काही न बोलता त्याने तुटकी वायर पाहिली आणि विचारलं, "मावशी, मी काय करू?"

दोस्तांनो, नीट ऐका. "सरक, मी करतो," असं तो म्हणाला नाही. तसं म्हणणारे पुष्कळ भेटतात, ते प्रेमानेच म्हणतात, पण मग हातातला पाना जातो आणि त्याबरोबर आणखीही काहीतरी जातं. मी म्हटलं, "मी सांगते तेव्हा आवळ." त्याने पट्टी बसवली, नट आवळले. मग त्याने स्वतःच एक युक्ती काढली. नटावर आणि पट्टीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट सैल झालाय! आता रोज निघण्याआधी मी ती रेघ बघते.

पहिल्यांदा कळंबहून निर्मळपर्यंत गेले आणि दुपारच्या वाऱ्यात परत आले. वारा तसाच होता, बोटंही तशीच. मोटारीने माझा आजार बरा केलेला नाही, औषधं रोज चालूच आहेत. वाईट दिवशी सायकल आजही पडवीतच असते. पण बऱ्या दिवशी कुठे जायचं आणि कुठे थांबायचं, ते मी ठरवते.

आणि भाच्याला मी उत्तर दिलं, "मी पाय मारते तोवरच मोटार चालते. म्हणजे ती सायकलच. तू नट आवळलेस म्हणून ती तुझी झाली का? नाही ना? तसंच!"

तुमच्या घरीही कोणी आजारी असेल. आजी, बाबा, कदाचित तुम्ही स्वतः. मदत या मोटारीसारखी करावी. समोरच्याने पाय मारला की जोर द्यावा, आणि त्याने ब्रेक दाबला की थांबावं. त्यासाठी आधी एक प्रश्न विचारावा, "मी काय करू?"

सावधान! बॅटरी उघडणं, वायरी जोडणं ही कामं मोठ्यांशिवाय आणि जाणकाराशिवाय करायची नाहीत. लिथियमच्या बॅटरीला ठेच लागली किंवा चुकीचा चार्जर लावला तर आग लागू शकते. पालकांनीही ध्यानात ठेवावं की २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विजेची सायकल कायद्याने मोटार वाहन धरली जात नाही, पण त्याला इतर अटीही आहेत. त्या आधी पाहून घ्याव्यात. आणि हेल्मेट हवंच.

करून पाहा : सायकल स्टँडवर लावा. पायडलाजवळच्या चक्राचे दाते मोजा, मग मागच्या फ्रीव्हीलचे. मोठ्या आकड्याला लहानाने भागा. ४४ आणि १८ असतील तर उत्तर साधारण २.४. म्हणजे पायडलाच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. आता मागच्या चाकाला खडूची खूण करा आणि पायडल सावकाश एकदाच फिरवून फेऱ्या मोजा. मात्र बोटं चेनपासून लांब ठेवा. उत्तर जुळतंय का बघा, आणि नाही जुळलं तर का, याचा विचार करा!

भेटू पुढच्या आठवड्यात, नव्या खटपटीसह.

तुमची,
खटपटी मावशी