आधी वळण, मग वेग

घरातील मुलाला वाढदिवसाला रिमोटची मोटार भेट मिळते. चार दिवस ती दिवाणखान्यात धावते, सोफ्याच्या पायांवर आदळते, पाचव्या दिवशी तिचे एक चाक निखळते आणि ती माळ्यावर जाते. बहुतेक कुटुंबांचा या वस्तूशी असलेला संबंध येथेच संपतो. परंतु याच खेळण्याची थोरली भावंडे जगातील अनेक देशांत रीतसर शर्यतींत उतरतात. त्यांना नियम आहेत, पंच आहेत, वर्गवारी आहे आणि जागतिक अजिंक्यपदही आहे.

१९७६ साली जपानच्या तामिया कंपनीने पोर्शे ९३४ या मोटारीची एक-द्वादशांश आकाराची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बाजारात आणली आणि हा छंद सामान्य घरांत पोहोचू लागला. १९८४ साली अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीची आरसी-१० ही खास शर्यतीसाठी घडवलेली बग्गी आली. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातील डेल मार येथे एक-दशांश आकाराच्या विजेवर चालणाऱ्या मातीवरील गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुढे जपानच्या मासामी हिरोसाका यांनी निरनिराळ्या प्रकारांत मिळून १४ जागतिक अजिंक्यपदे पटकावली. खेळण्याचा खेळ झाला तो असा.

परदेशी राहणाऱ्या एखाद्या नातवाने किंवा नातीने या शर्यतीत उतरण्याचा हट्ट धरला, तर घरातील मोठ्यांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. खर्च किती होणार, आणि मूल दोन महिन्यांत कंटाळणार तर नाही? दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतांशी सुरुवात कशी होते यावर अवलंबून असते.

आधी क्लब, मग गाडी

नवख्याची पहिली चूक मैदानावर नव्हे, दुकानात होते. चित्र पाहून, वेगाचा आकडा वाचून गाडी घेतली जाते आणि मग कळते की जवळच्या क्लबात त्या प्रकारची शर्यतच होत नाही. म्हणून खरेदीपूर्वी एक संध्याकाळ केवळ पाहण्यासाठी राखून ठेवावी.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात असे अनेक क्लब शाळांच्या किंवा क्रीडासंकुलांच्या सभागृहांत भरतात. सभासद स्वतःच गालिचा अंथरतात, कडेला पट्ट्या लावून वळणे आखतात आणि रात्री सगळे गुंडाळून ठेवतात. भिंतीलगत टेबले असतात. त्यांवर चार्जर, पाने, पेचकस आणि उघडी पडलेली यंत्रे मांडलेली असतात. तेथे दोन तास घालवले की कोणत्या प्रकारात जास्त गाड्या उतरतात, कोणते टायर चालतात, सुटे भाग कोठे मिळतात हे सारे समजते. ज्या प्रकारात क्लबातील बहुसंख्य लोक धावतात, तोच प्रकार नवख्याने निवडावा. कारण तुटलेला भाग उसना मिळतो तो तेथेच, आणि सल्लाही तेथेच. ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशनसारख्या संघटनेच्या सभासदत्वात विम्याचे संरक्षणही मिळते. पालकांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

गाडी तयार घ्यावी की सुट्या भागांतून जोडावी, हा पुढचा प्रश्न. तयार गाडी त्याच दिवशी धावते. जोडायच्या गाडीला काही संध्याकाळी द्याव्या लागतात, परंतु कोणता स्क्रू कोठे आहे हे हातांना पाठ होते आणि दोन शर्यतींच्या मधल्या वेळात दुरुस्ती करताना ते ज्ञान उपयोगी पडते. लहान मुलाने तयार गाडीपासून आरंभ करणे योग्य. मातीवर धावायचे असेल तर एक-दशांश आकाराचा शॉर्ट कोर्स ट्रक हा सहनशील सोबती आहे. त्याची रुंद बॉडी आणि बंपर चाकांना झाकून असतात, त्यामुळे दोन ट्रक घासले तरी चाके एकमेकांत अडकत नाहीत. बग्गी अधिक चपळ असते, पण तिची चाके उघडी असल्याने चुकीची किंमत ती लगेच वसूल करते.

बॅटरीबाबत तडजोड नाही

या छंदात खरा धोका एकाच ठिकाणी आहे आणि तो म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी. दोन सेलच्या अशा बॅटरीचा नाममात्र दाब ७.४ व्होल्ट असतो व पूर्ण भारित झाल्यावर तो ८.४ व्होल्ट होतो. तिच्यासाठी त्याच जातीचा, प्रत्येक सेलचा समतोल राखणारा चार्जर लागतो. क्षमतेइतकाच प्रवाह द्यावा, म्हणजे ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला ५ अँपिअर, हा सुरक्षित आणि सर्वमान्य नियम आहे. प्रत्येक सेल ३ व्होल्टच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. त्यासाठी गाडीच्या वेगनियंत्रकातील कमी दाबाला वीज तोडणारी व्यवस्था सुरू आहे ना, हे तपासावे. आठवडाभर गाडी वापरायची नसेल तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. प्रत्येक सेलमागे सुमारे ३.८ व्होल्टवर ती ठेवावी.

फुगलेली, ठेचलेली किंवा आवरण फाटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. चार्जिंग न जळणाऱ्या पृष्ठभागावर, शक्य तर खास अग्निरोधक पिशवीत, आणि मोठ्या माणसाच्या नजरेसमोरच व्हावे. रात्री चार्जिंगला लावून झोपी जाणे कदापि नको. अगदी लहान मुलासाठी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी अधिक सोशीक ठरते. वेग थोडा कमी मिळेल, पण आरंभी तेवढाही वेग पुरून उरतो.

बोटांना वळण

गाडी दूर जात असताना स्टिअरिंगचे चाक उजवीकडे फिरवले की ती आपल्या उजवीकडे वळते. तीच गाडी आपल्याकडे येऊ लागली की उजवीकडे फिरवलेले चाक तिला आपल्या डावीकडे नेते. नवख्याच्या बहुतेक धडका या एका गोंधळातून होतात. आपण त्या गाडीतच बसलो आहोत अशी कल्पना करणे हा त्यावरील उपाय, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत सराव हवा.

सरावाला शर्यतीचे मैदान लागत नाही. रिकाम्या वाहनतळावर पाण्याच्या दोन बाटल्या चार-पाच मीटर अंतरावर ठेवाव्यात आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठाच्या आकारात गाडी फिरवावी. यात उजवी-डावी दोन्ही वळणे येतात. गाडी दूरही जाते, जवळही येते. आधी चालत्या माणसाच्या वेगाने, आणि एकही बाटली न पाडता लागोपाठ वीस फेऱ्या झाल्या की मगच थोड्या अधिक वेगाने. काही तयार गाड्यांत निम्म्या शक्तीने चालवण्याची सोय असते. तिचा वापर करण्यात कमीपणा मानू नये.

ट्रिगरच्या बाबतीत एक सूत्र लक्षात ठेवावे. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात स्थिर हात, आणि गाडी सरळ होऊ लागली की हळूहळू वेग. ट्रिगर हा विजेचा दिवा लावण्याचा खटका नव्हे. त्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत अनेक पायऱ्या असतात. मातीवरील उंचवट्यावरून उडी घेताना हवेत वेग दिला तर नाक वर उचलले जाते आणि ब्रेक दिला तर खाली झुकते. हे कळले की ट्रक चारही चाकांवर उतरवता येतो.

पाच मिनिटांचा हिशेब

क्लबातील विजेच्या गाड्यांची फेरी सामान्यतः पाच मिनिटांची असते. प्रत्येक गाडीत ट्रान्सपाँडर नावाचे छोटे उपकरण असते आणि ते रेषा ओलांडताच संगणक फेरा मोजतो. पाच मिनिटे संपल्यावर चालू असलेला फेरा पूर्ण करू दिला जातो. ज्याचे फेरे अधिक तो पुढे. फेरे समान असतील तर ज्याला वेळ कमी लागला तो पुढे.

आता दोन स्पर्धक घेऊ. पहिला सावकाश, पण एकदाही न धडकता २२ सेकंदांत फेरा पूर्ण करतो. १३ फेऱ्यांना त्याला २८६ सेकंद लागतात, चौदावा फेरा ३०८ व्या सेकंदाला संपतो. त्याचा निकाल १४ फेरे. दुसरा वेगवान असून २० सेकंदांत फेरा मारतो, परंतु पाच मिनिटांत पाच वेळा गाडी उलटवतो. उलटलेली गाडी कोणीतरी सरळ करेपर्यंत दर वेळी दहा सेकंद गेले असे धरले, तर त्याची ५० सेकंदे वाया गेली. २९० व्या सेकंदाला त्याचे १२ फेरे झाले आणि तेरावा ३१० व्या सेकंदाला. त्याचा निकाल १३ फेरे. वेगवान स्पर्धक एका संपूर्ण फेऱ्याने मागे पडला. त्याने धडका तीनवर आणल्या तरी १४ फेऱ्यांना त्याला ३१० सेकंद लागतील, म्हणजे सावकाश गेलेल्यापेक्षा दोन सेकंद जास्तच.

या जमाखर्चात अधिक शक्तीची मोटर बसवण्यासाठी कोठेही जागा नाही. नवख्याचा पैसा मोटरवर खर्च झाला की धडका वाढतात, धडकांनी सुटे भाग तुटतात आणि सुट्या भागांवर पुन्हा पैसा जातो. मूल कंटाळून सोडते ते बहुधा याच चक्रात. त्याऐवजी पहिला खर्च त्या मैदानाला साजेशा टायरवर करावा, दुसरा पुढील सस्पेन्शनच्या जास्तीच्या आर्मवर, आणि उरलेली रक्कम सरावासाठीच्या प्रवेशशुल्कात घालावी.

एक छोटी वही ठेवावी. तारीख, मैदान, टायर, फेरे, धडका आणि सर्वांत जलद फेऱ्याची वेळ अशा सहा रकाने पुरेत. गाडीत बदल करायचा तर एका वेळी एकच करावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी बिघडली, तर दोष कोणत्या नोंदीत आहे हे कसे शोधणार? पहिल्या महिन्यात डोळा ठेवायचा तो धडकांच्या रकान्यावर. तो आकडा उतरू लागला की फेऱ्यांचा आकडा आपोआप चढतो.

मैदानावरील रीत

पात्रता फेऱ्यांनंतर स्पर्धकांची विभागणी निकालानुसार ए, बी, सी अशा अंतिम गटांत होते. त्यामुळे नवखा शेवटी आपल्याच तोडीच्या स्पर्धकांबरोबर धावतो. सी गटातील चौथ्या व पाचव्या क्रमांकासाठीची चुरस पाहणाऱ्याला ए गटाइतकीच रंजक वाटते.

पुढे असलेली गाडी एक फेरा जास्त घेऊन मागून आली तर तिला वाट द्यावी; पण एकाएकी बाजूला वळून किंवा थांबून नव्हे. आपली रेषा स्थिर ठेवावी आणि एखाद्या वळणावर किंचित बाहेरून जाऊन आतली बाजू मोकळी करावी. आपल्या चुकीने दुसऱ्याची गाडी उलटली तर ती पुन्हा धावू लागेपर्यंत थांबणे हा सभ्यतेचा संकेत आहे. आपली गाडी उलटली की ट्रिगर ताबडतोब सोडावा. मदतीला येणाऱ्याची बोटे फिरत्या चाकांजवळ असतात.

मोठ्यांसाठीही एक पथ्य आहे. मूल चालकांच्या मंचावर उभे असताना मागून सूचनांचा भडिमार करू नये. पाच मिनिटे त्याची असतात. फेरी संपल्यावर पहिला प्रश्न “कितवा आलास?” असा न विचारता “आज किती वेळा धडकलास?” असा विचारावा. गेल्या आठवड्यात आठ वेळा आणि आज पाच वेळा, हे उत्तर देताना मुलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

या खेळातील सर्वांत सुंदर नियम मात्र शर्यत संपल्यावर लागू होतो. आपली फेरी झाली की गाडी टेबलावर ठेवून लगेच मैदानात जायचे आणि एका वळणावर मार्शल म्हणून उभे राहायचे. पुढच्या गटातील ज्याची गाडी उलटेल त्याची धावत जाऊन सरळ करायची. हे काम ऐच्छिक नाही. टाळाटाळ करणाऱ्याची सर्वोत्तम फेरी रद्द करण्याची पद्धत अनेक क्लबांत आहे. जिंकलेल्यालाही उभे राहावे लागते आणि नुकत्याच हरलेल्यालाही. स्वतःची गाडी मोडली म्हणून डोळे पुसणारा दहा वर्षांचा मुलगा दोन मिनिटांत वळणावर उभा असतो, समोर एका अनोळखी माणसाचा ट्रक उलटतो, तो धावतो, ट्रक सरळ करतो, आणि मंचावरून “धन्यवाद!” अशी हाक येते.

गाडीला वळण कसे द्यायचे हे शिकायला तो आलेला असतो. घरी परतताना त्यालाही थोडे वळण लागलेले असते.