कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

घर जप्त करावयाचे तर आधी नोटीस बजवावी लागते. गुन्हेगारास शिक्षा ठोठावण्यापूर्वी त्याच्यावरील आरोप त्यास वाचून दाखवावा लागतो. परंतु समाजमाध्यमावरील ज्या खात्यात माणसाने दहा-दहा वर्षांचा पत्रव्यवहार, छायाचित्रे, गिऱ्हाईक आणि स्नेहसंबंध साठविले, ते खाते एके सकाळी बंद झाले तर ‘आपण नियमांचा भंग केला आहे’ या एका ठोकळेबाज वाक्यापलीकडे त्याच्या हाती बहुधा काहीच पडत नाही. कोणता नियम मोडला? कोणत्या मजकुराने मोडला? तो मजकूर कोणी वाचला, की कोणी वाचलाच नाही? या प्रश्नांचे उत्तर मिळविण्याचा हक्क नागरिकास आहे की नाही, याचा निर्णय आता झाला पाहिजे.

‘खाते म्हणजे करमणूक, गेले तर गेले, दुसरे उघडा’ असे सांगणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांस परिस्थितीची कल्पना नाही असेच म्हणावे लागेल. घरगुती मसाले विकणाऱ्या गृहिणीचे दुकान आज त्या खात्यावर चालते. गणेशोत्सव मंडळाच्या वर्षानुवर्षांच्या कार्यक्रमांची दप्तरे तेथेच साठलेली असतात. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांस तर परस्परांशी जोडणारा तो एक मोठा धागा झाला आहे. असे खाते नाहीसे होणे म्हणजे वाचनालयास टाळे लागणे होय. आणि टाळे लावणाऱ्याने ते का लावले हे सांगितलेच पाहिजे.

तथापि दाद मागण्यापूर्वी आपले खाते कोणत्या प्रकारे बंद झाले आहे हे नीट समजून घेणे अवश्य आहे. पुष्कळांची फसगत येथेच होते. पहिला प्रकार आपण होऊन खाते तात्पुरते बंद ठेवण्याचा. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम यांवरील असे खाते पुन्हा आपल्या नावाने व परवलीच्या शब्दाने आत शिरताच जागे होते. त्यास कोणाची मनधरणी करावी लागत नाही. दुसरा प्रकार खाते कायमचे पुसून टाकण्याची मागणी केल्याचा. या दोन्ही ठिकाणी मन बदलावयास ३० दिवसांची सवड असते. एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर, येथे नुसते बंद केलेले खातेही ३० दिवसांत परत न उघडल्यास कायमचे जाते. रागाच्या भरात खाते बंद करून ‘सवडीने पाहू’ म्हणणाऱ्याने ही मुदत ध्यानात ठेवावी.

तिसरा प्रकार नुसत्या विस्मरणाचा. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते पुसून टाकण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले आहे. यातच मोबाइल क्रमांकाचा घोळ भर घालतो. पैसे न भरल्यामुळे बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांच्या अवधीनंतर दुसऱ्या माणसास दिला जाऊ शकतो. आपले खाते जर त्याच जुन्या क्रमांकाशी बांधलेले असेल, तर खात्याची किल्ली परक्याच्या खिशात गेली असे समजावे. चौथा प्रकार सरळ चोरीचा. तेथे कंपनीकडे तक्रार करण्याबरोबरच राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावरही वर्दी द्यावी. ‘पैसे द्या, खाते मिळवून देतो’ म्हणणारे मध्यस्थ तर चोरावर मोर आहेत. त्यांच्या हाती परवलीचा शब्द देणे म्हणजे उरलेसुरलेही गमावणे.

हे चार प्रकार सावधपणाने टाळता येतात. खरा तंटा पाचव्या प्रकाराचा आहे: कंपनीने स्वतः होऊन खाते बंद करण्याचा. फेसबुकवर अशा निर्णयाविरुद्ध अपील करावयास १८० दिवसांची मुदत आहे. ती टळली की दार कायमचे बंद. पण ज्यास आरोपच सांगितला नाही, त्याने अपिलात खंडन तरी कशाचे करावे?

सुप्रीम कोर्टातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे उदाहरण या संदर्भात सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत नाझी सलामी देणाऱ्या जमावात एकटा माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असे एक जगप्रसिद्ध छायाचित्र आहे. हे छायाचित्र हेगडे यांनी आपल्या ट्विटर खात्यावर लावले होते. हुकूमशाहीस नकार देणाऱ्या माणसाचे ते चित्र द्वेष पसरविणारे ठरले! पाठोपाठ एका हिंदी कवितेच्या पुनःप्रसारणाचे निमित्त झाले आणि २०१९ साली त्यांचे खाते बंद करण्यात आले. ते दिल्ली हायकोर्टात गेले. खाते परत मिळाले ते २०२३ च्या आरंभी. कायदा ज्याच्या जिभेवर आहे, त्यासही जर तीन वर्षांहून अधिक काळ तिष्ठावे लागले, तर तालुक्याच्या गावातील दुकानदाराने कोणाच्या दारात उभे राहावे?

यावर असा आक्षेप घेतला जातो की, या कंपन्या खाजगी आहेत. त्यांच्या ओसरीवर कोणास बसू द्यावे हा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय शिवीगाळ करणारे, खोटी नावे घेणारे व लोकांस लुबाडणारे यांची खाती बंद केलीच पाहिजेत. यातील दुसरा भाग आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. परंतु चोरास शिक्षा व्हावी याचा अर्थ संशयितास चौकशीवाचून शिक्षा व्हावी असा कधीच होत नाही. आणि पहिल्या भागास उत्तर असे की, ज्या ओसरीवर कोट्यवधी लोक बसतात ती ओसरी राहत नाही, ती चावडी होते. इंटरनेटद्वारे होणाऱ्या अभिव्यक्तीस घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे, असे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सांगितले. ते बंधन सरकारवर आहे, कंपन्यांवर नाही, हे खरे. म्हणूनच कंपन्यांसाठी स्वतंत्र कायदा हवा.

या दिशेने काहीच झाले नाही असे नव्हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने जे नियम केले, त्यांनी प्रत्येक माध्यमास तक्रार अधिकारी नेमणे भाग पाडले. पन्नास लाखांहून अधिक नोंदलेले सभासद असलेल्या मोठ्या माध्यमांनी स्वतः होऊन मजकूर हटविताना तत्पूर्वी कारणासह सूचना द्यावी व म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असेही त्यांत म्हटले. २०२२ च्या दुरुस्तीने तक्रार अपील समित्यांची तरतूद झाली आणि २०२३ साली अशा तीन समित्या स्थापन झाल्या. तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान न झालेल्यास ३० दिवसांच्या आत त्यांच्याकडे अपील करता येते, आणि तेही घरबसल्या. हा मार्ग आपल्याकडे कितीजणांस ठाऊक आहे? हक्क कागदावर असणे निराळे आणि तो बजावता येणे निराळे.

युरोपीय संघाने मात्र एक पाऊल पुढे टाकले आहे. तेथील डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून सर्वत्र लागू झाला. त्यानुसार खाते बंद करणाऱ्यास स्पष्ट व नेमके कारण द्यावे लागते, तक्रारीस किमान सहा महिन्यांची मुदत द्यावी लागते, आणि तक्रारीचा निकाल केवळ यंत्राने लावून चालत नाही. जे तेथे शक्य आहे ते येथे अशक्य का मानावे?

आमच्या मागण्या म्हणूनच साध्या आहेत. खाते बंद करताना नेमका मजकूर व नेमका नियम सांगितला पाहिजे. अपील माणसाने वाचले पाहिजे. निकाल काहीही लागो, खातेदाराची स्वतःची छायाचित्रे व लेखन त्यास परत नेता आले पाहिजे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, आधीच्या मसुद्यात असलेला हा माहिती सोबत नेण्याचा हक्क राहून गेला, ही मोठी उणीव होय. आणि अखेरची गोष्ट भाषेची. माध्यमांनी आपली नियमावली इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील भाषांत, वापरणाऱ्याच्या पसंतीनुसार, उपलब्ध करून द्यावी असे २०२२ ची दुरुस्ती सांगते. नियम मराठीत वाचता यावा, पण शिक्षेचा हुकूम व अपील मराठीत असण्याची शाश्वती नसावी, हा कोठला न्याय? मराठी म्हणींतील तिखटपणा आणि मराठी माणसाची थट्टा ज्यास कळत नाही, त्याने मराठी मजकुरावर निवाडा देऊ नये.

हक्कासाठी झगडणाऱ्याने स्वतःचे घरही नीट ठेवले पाहिजे. प्रत्येक मंडळाने व वाचनालयाने आपल्या पानाची व्यवस्था एका हौशी तरुणावर न सोपविता दोघा-तिघा जबाबदार व्यक्तींच्या हाती द्यावी. चालू मोबाइल क्रमांक नोंदवावा. खाते परत मिळविण्याचे संकेतांक कागदावर लिहून कपाटात ठेवावेत. छायाचित्रांची व लेखांची प्रत वर्षातून एकदा तरी उतरवून घ्यावी. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले, गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी. तेथे तर एकेकाचे खाते नव्हे, संपूर्ण गावच उठले. परक्याच्या कोठारात धान्य ठेवणाऱ्याने बियाणे तरी स्वतःच्या घरी ठेवावे.

आणि ज्यांचे खाते विनाकारण बंद झाले असेल त्यांनी निमूटपणे नवे खाते उघडून मोकळे होऊ नये. तक्रार लिहावी, तिची पोच जपून ठेवावी, मुदत मोजावी, अपील करावे. हजारांनी मुकाट्याने सोसलेला अन्याय रूढी बनतो. शंभरांनी लेखी विचारलेला प्रश्न मात्र उत्तर घेतल्यावाचून राहत नाही.